ईईजीचा कागद काय सांगतो, काय सांगत नाही

दिवाळी झाली की चौसाळ्याच्या वस्तीत गडबड सुरू होते. मुकादमाची उचल घेऊन झालेली असते, गाडी कधी निघणार याचा निरोप आलेला असतो, आणि जी घरं कोयत्याला जाणार त्यांच्या दारात भांडी, गोधड्या, पत्र्याची पेटी बांधून ठेवलेली दिसते. अशाच एका संध्याकाळी आम्ही विहारापाशी बायांचा रक्तदाब तपासत बसलो होतो. एक आजी नातीला घेऊन आली. हातात प्लास्टिकची फाईल. तिनं फाईलमधून एक चकचकीत कागद काढून आमच्यापुढं धरला. कागदावर डोक्याची बारा गोल चित्रं होती, निळी, हिरवी, पिवळी, आणि दोन-तीन चित्रांत एका बाजूला लालभडक डाग.

"सिस्टर, हे लाल काय हाय तेवढं सांगा. पोरीच्या डोक्यात लाल निघालंय म्हनले. वीस येळा यावं लागंल म्हनले."

पोर चौदा वर्षांची, आठवीतली. दोन वर्षांपूर्वी उसाच्या फडात पहाटे तिला पहिली फिट आली. तोंडाला फेस, डोळे पांढरे, हातपाय ताठ, मग झटके. बापानं नाकाला चप्पल लावली, कुणी हातात किल्ली दिली. दोन-तीन मिनिटांत झटके थांबले आणि सगळ्यांना वाटलं की चप्पलनंच काम केलं. पुढं सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, फिट कमी झाल्या. मग कुणीतरी एका शहरातल्या खासगी दवाखान्याचं नाव सांगितलं. तिथं 'ब्रेन मॅपिंग' केलं, तीन हजार घेतले, हा रंगीत कागद दिला आणि वीस बैठकांचा कोर्स सांगितला. हे तीन हजार उचलीतले होते. बैठका घ्यायच्या म्हणजे गोळ्यांची गरज नाही, अशी घरच्यांची समजूत झाली. गोळ्या बंद झाल्या आणि आठ दिवसांत दोन फिट आल्या.

आम्ही आजीला विचारलं, "रंगाचा कागद दिला, रेघांचा कागद दिला का?"

"कसल्या रेघा?"

या लेखाचं कारण तो प्रश्न आहे. कारण रेघा हीच खरी तपासणी. रंग नंतर भरतात.

मेंदूचं काम विजेवर चालतं हे ऐकून आपल्या बाया घाबरतात. वीज म्हणजे त्यांना डीपीवरची वीज आठवते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तेव्हा अगदी बारीक विद्युतप्रवाह तयार होतो. लाखो पेशी एकाच वेळी एका लयीत काम करू लागल्या की त्याचा मागमूस डोक्याच्या कातडीवरही लागतो. हा मागमूस किती लहान? भिंतीवरच्या घड्याळात आपण जो पेन्सिल सेल घालतो तो दीड व्होल्टचा. डोक्यावर मिळणारा दाब साधारण त्याच्या तीस हजाराव्या भागाएवढा. एवढी बारीक गोष्ट मोजून, वाढवून, कागदावर रेघ म्हणून काढायची, याला ईईजी म्हणतात. मशीन डोक्यात काहीही सोडत नाही, शॉक देत नाही. ते फक्त ऐकतं. गर्भार बाईची केली तरी चालते, तान्ह्या लेकराची केली तरी चालते.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करत होतो तेव्हा ईईजीचं मशीन टेबलाएवढं होतं. वर शाईच्या पेनांची रांग, खालून कागद सरकत जायचा. कागदाचा वेग सेकंदाला तीस मिलिमीटर. वीस मिनिटांची तपासणी म्हणजे छत्तीस मीटर कागद. आम्ही शिकाऊ मुली तो कागद घड्या घालून गठ्ठा बांधायचो. पेन अडकलं की शाईचे डाग हातावर, कधी पांढऱ्या गणवेशावर, आणि मेट्रनची बोलणी वेगळीच. आता पेनं गेली, सगळं संगणकाच्या पडद्यावर दिसतं. पण रेघा त्याच आहेत, आणि त्या वाचणारा माणूस शिकलेला असावा लागतो हेही तेच आहे.

माणसाच्या डोक्यावरून अशी रेघ पहिल्यांदा काढली जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर या मानसोपचार डॉक्टरनं, १९२४ साली. कवटीवर शस्त्रक्रिया झालेल्या एका सतरा वर्षांच्या मुलावर. त्या आधी, १८७५ मध्ये, रिचर्ड केटन या इंग्रज डॉक्टरनं ससे आणि माकडांच्या मेंदूत वीज असल्याचं दाखवलं होतं, पण माणसाचं धाडस बर्गरनं केलं. गंमत म्हणजे हा गृहस्थ शोधायला निघाला होता भलतंच. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडला, मरता मरता वाचला. त्याच दिवशी दूर गावी असलेल्या त्याच्या बहिणीला वाटलं की भावाला काहीतरी झालं, आणि घरून तार आली. मनातलं मनाला कळतं याची वीज सापडेल, या आशेनं बर्गर आयुष्यभर कष्टला. मनातलं मनाला कळवणारी वीज काही सापडली नाही. जे सापडलं ते मात्र खरं होतं, कारण स्वतःच्या मोजमापावर त्यानं स्वतःच शंका घेतली. ही रेघ नाडीच्या ठोक्याची तर नाही? कातडीची, स्नायूंची तर नाही? पाच वर्षं तो पडताळत राहिला. स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरूनही पुन्हा पुन्हा रेघा काढल्या आणि १९२९ साली पहिला लेख छापला. तरी बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज या दोघांनी तोच प्रयोग करून दाखवला तेव्हा जगानं मान्य केलं.

डोळे मिटून स्वस्थ बसलं की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला आठ ते तेरा अशा एकसारख्या लाटा येतात. डोळे उघडले की त्या विरतात. बर्गरनं त्यांना अल्फा नाव दिलं. जागेपणी, विचारात असताना त्याहून बारीक, भराभर लाटा. गाढ झोपेत मोठ्या, संथ, सेकंदाला चारपेक्षा कमी. आता जागेपणी, एकाच ठिकाणी अशी संथ लाट दिसली तर तिथं काही बिघाड असू शकतो. इंग्लंडच्या ग्रे वॉल्टरनं १९३६ मध्ये याच खुणेवरून मेंदूतली गाठ कुठं आहे ते बाहेरून सांगितलं. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत बोस्टनला गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी, बोलता बोलता क्षणभर हरवणाऱ्या लेकरांच्या रेघेत सेकंदाला तीन वेळा येणारं टोक आणि लाट पकडली. वर्गात शून्यात बघत बसणारं, गुरुजींनी हाक मारली तरी न ऐकणारं लेकरू. त्याला आपण 'ध्यान नाही' म्हणून मारतो. ते कधी कधी फिटच असते.

बर्गरबद्दल एक गोष्ट आणखी सांगायला हवी, ती पाठ्यपुस्तकात नसते. १९३३ साली हिटलरच्या सरकारनं कायदा केला की ज्यांचे आजार 'रक्तातून' येतात त्यांची सक्तीनं नसबंदी करायची. त्या यादीत मिरगी होती. निर्णय द्यायला खास न्यायालयं नेमली, त्यांत डॉक्टर बसत. येनाच्या अशा अपील न्यायालयात बर्गरही सदस्य होता. ज्यानं मिरगी ओळखायचं साधन दिलं, त्यानंच मिरगीच्या माणसांना मूल नको असं ठरवणाऱ्यांच्या रांगेत खुर्ची घेतली. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणं किती लांबवर जातं, हे आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही. आम्ही एवढंच म्हणतो की मशीन चांगलं आहे म्हणून मशीनवाल्याचा शब्द प्रमाण मानायचा नाही.

आता त्या लाल डागाकडे येऊ.

ईईजीला डोक्यावर साधारण एकवीस ठिकाणी तारांची बटणं चिकटवतात. जागा मोजून ठरवलेल्या असतात आणि त्या जगभर त्याच आहेत, १९५८ पासून. म्हणजे अख्ख्या डोक्याच्या कातडीवर मोजणी झाली फक्त एकवीस टिंबांवर. मग बाराच्या बारा गोल चित्रं पूर्ण रंगलेली कशी? मधला रंग संगणकानं अंदाजानं भरलेला असतो.

हे समजून घ्यायला चौसाळ्याच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. पीकविमा आणि अतिवृष्टीचं अनुदान आठवा. पावसाचं माप घेतलं जातं मंडळाच्या ठिकाणी. तिथं एका दिवसात पासष्ट मिलिमीटरच्या वर नोंद झाली तर अतिवृष्टी, नाही तर नाही. तुमच्या शिवारात नाला फुटून सोयाबीन वाहून गेलं तरी मापात नसेल तर कागदावर ते नसतं. आणि मंडळाच्या गावात ढगफुटी झाली, तुमच्याकडं चार थेंब पडले, तरी नकाशात तुमचा शिवार निळाभोर. डोक्याच्या रंगीत नकाशाचंही असंच. टिंबावर मोजलं ते खरं, दोन टिंबांमधलं अंदाजाचं.

शिवाय रंग कुणी ठरवला? मशीन ज्यानं बनवलं त्यानं. किती आकडा आला की पिवळा संपून लाल सुरू करायचा हे एका बटणावर बदलता येतं. आकड्यात थोडासाच फरक असतो, पण पिवळ्याला लागून लाल आला की डोळ्याला वाटतं मध्ये भिंत आहे. इंद्रधनुष्यासारखे सगळे रंग एका चित्रात वापरले की नसलेल्या सीमा दिसू लागतात, हे चित्रांतून आकडेवारी मांडणाऱ्या शास्त्रज्ञांनी कितीदा सांगितलं आहे. तरी यंत्रांत तेच रंग येत राहतात, कारण ते देखणे दिसतात. आणि आपल्याकडं लाल म्हणजे धोका. निळ्या डागाला कुणी तीन हजार दिले नसते.

आणखी एक गोम. डोक्यावरून येणारी प्रत्येक रेघ मेंदूची नसते. पापणी हलली, दात आवळले, कपाळाला आठी पडली, घाम आला, तार हलली, वायरिंगमधून घरगुती विजेची पन्नास आवर्तनं शिरली, तरी रेघ हलते. स्नायूची वीज मेंदूच्या विजेपेक्षा मोठी असते. अनुभवी माणूस रेघ पाहून म्हणतो, "इथं पोरीनं दात चावलेत, हे सोडून द्या." पण हेच संगणकात टाकून त्याचं चित्र केलं की दात चावल्याचासुद्धा लाल डाग होतो, आणि चित्रात तो कुठून आला हे ओळखायला काही उरत नाही. म्हणून अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजी डॉक्टरांच्या संघटनेनं १९९७ सालीच सांगून ठेवलं आहे की असले नकाशे मूळ रेघांच्या सोबतच वाचायचे, ईईजीत मुरलेल्या डॉक्टरानंच वाचायचे, एकट्या नकाशावर निदान करायचं नाही.

नकाशे अगदीच निरुपयोगी असं आमचं म्हणणं नाही. ग्रे वॉल्टरनंच पुढं बावीस छोटे पडदे लावून एक यंत्र बांधलं होतं. मेंदूच्या कोणत्या भागात लाट उठली आणि ती कुठं पसरत गेली, हे त्यावर दिव्यांसारखं दिसायचं. छत्तीस मीटर कागदात जे हरवतं ते एका नजरेत पकडावं ही त्यामागची तळमळ होती. आजही फिटच्या ऑपरेशनआधी मोठ्या रुग्णालयांत शेकडो टिंबांचे नकाशे करतात आणि त्याचा उपयोग होतो. पण तिथं नकाशा काढणारा माणूस स्वतः रेघांजवळ बसलेला असतो. चकचकीत कागद हातात देऊन घरी पाठवत नाही.

अशीच एक रंगीत फोटोंची माळ आपल्या वस्त्यांच्या मोबाईलवर फिरते. तिबेटी भिक्खूच्या डोक्यावर तारांचं जाळं, शेजारी लाल-पिवळा मेंदू, आणि खाली लिहिलेलं की ध्यानानं मेंदूचे सर्व आजार बरे होतात, मिरगीसुद्धा. भिक्खूंवरचा अभ्यास खरा आहे. अमेरिकेत रिचर्ड डेव्हिडसन यांच्या प्रयोगशाळेतला, २००४ सालचा. हजारो तास ध्यान केलेल्या आठ साधकांच्या ईईजीत फार वेगवान लाटा जास्त जोरात दिसल्या, नवशिक्या विद्यार्थ्यांत तेवढ्या नाही. अभ्यास एवढाच. फिटचा त्यात संबंध नाही. विपश्यनेला जाणाऱ्याला आम्ही कधी अडवणार नाही, पण शिबिराला जाताना फिटच्या गोळ्या पिशवीत हव्यात आणि नाव नोंदवतानाच आजार सांगितलेला हवा.

ही आरोग्याची पानं आहेत, कोर्टाची नव्हेत, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी एक प्रकरण इथं सांगतो, कारण चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणत्या वस्तीत येते हे तुम्हालाही माहीत आहे. बंगळूरच्या निम्हान्समध्ये क्लिनिकल सायकॉलॉजी विभागाचे प्रमुख राहिलेले डॉ. सी. आर. मुकुंदन यांनी ईईजीवर आधारलेली एक पद्धत काढली. आरोपीच्या डोक्यावर टोपी चढवायची, डोळे मिटायला सांगायचे, आणि गुन्ह्याची वाक्यं एकेक करून ऐकवायची. आरोपीनं तोंड उघडायचं नाही. त्याच्या मेंदूच्या लाटांवरून संगणक सांगणार की ही गोष्ट यानं स्वतः केली आहे की नुसती ऐकली आहे. पुण्यातल्या एका खुनाच्या खटल्यात या तपासणीचा अहवाल इतर पुराव्यांबरोबर न्यायालयानं मानला आणि जून २००८ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली, बाहेरचे मेंदूतज्ज्ञ चकित झाले, कारण या पद्धतीची नीट, त्रयस्थ पडताळणी झालेलीच नव्हती. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनंही तिला शास्त्रीय आधार नाही असं मत दिलं.

मग सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, ५ मे २०१० रोजी, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य. नार्को, खोटं पकडायचं यंत्र आणि ब्रेन मॅपिंग, यातलं काहीही माणसावर सक्तीनं करता येणार नाही. आधार राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) चा आणि २१ चा. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. तोंडानं नाही, तसंच डोक्यावर तारा लावूनही नाही. संमती असली तरी ती वकिलासमक्ष आणि न्यायदंडाधिकाऱ्यापुढं नोंदवलेली हवी, आणि तरीही नुसता तो अहवाल पुरावा ठरत नाही. त्रिसदस्यीय पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, त्या पदावर बसलेले दलित समाजातले पहिले. निवृत्तीच्या आठवडाभर आधीचा हा निकाल. घरात कुणी तरुण पोरं असतील तर त्यांना ही तारीख सांगून ठेवा.

परत पोरीकडं.

आम्ही आजीला पहिली गोष्ट सांगितली ती ईईजीची नव्हती, गोळ्यांची होती. फिटच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर फिट उलट जोरात येते, कधी थांबतच नाही. गोळी कमी-जास्त करायची ती डॉक्टरनं, हळूहळू. आणि फिटची साधी सरकारी गोळी रंगीत कागदापेक्षा जास्त काम करते. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे की नीट निदान आणि औषध मिळालं तर फिटच्या शंभरातल्या सत्तर लोकांपर्यंत माणसं फिटशिवाय जगू शकतात. जगात असे सुमारे पाच कोटी लोक आहेत, त्यातले बहुतेक आपल्यासारख्या गरीब देशांत.

दुसरी गोष्ट, अंबाजोगाईला जायचं. मांजरसुंब्याहून नेकनूर, केज करत गाड्या जातात, तिथं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना काय न्यायचं ते तिला तीनदा सांगितलं. जुन्या गोळ्यांची पाकिटं, रिकामीसुद्धा. फिट कोणत्या दिवशी, किती वाजता, किती मिनिटं, आधी झोप झाली होती का, पाळीच्या सुमारास आली का, हे पोरीच्या वहीत लिहिलेलं. आणि सगळ्यात मोलाचं, मोबाईलवर काढलेला फिटचा व्हिडिओ. डॉक्टरच्या पुढ्यात फिट येत नाही. घरात येते. झटके कोणत्या हातापासून सुरू झाले, मान कुठं वळली, डोळे उघडे होते की मिटलेले, हे व्हिडिओत दिसतं, आणि त्यानं जे कळतं ते कधी कधी ईईजीनंही कळत नाही. एकजण पोरीला सांभाळेल, दुसऱ्यानं मोबाईल धरायचा. लाज वाटायचं कारण नाही.

ईईजी करायची असेल तर आदल्या दिवशी डोकं शिकेकाईनं किंवा शाम्पूनं धुवायचं, तेल लावायचं नाही. आमच्या बाया इथंच चुकतात. दवाखान्यात जायचं म्हणून पोरीची छान तेल लावून घट्ट वेणी घालतात, मग तार चिकटत नाही. उपाशी जायचं नसतं. गोळी रोजच्यासारखी घ्यायची, डॉक्टरनं वेगळं सांगितलं असेल तरच नाही. कधी कधी रात्रभर जागवून आणायला सांगतात, कारण कमी झोपलेल्या मेंदूत बिघाड लवकर दिसतो. तपासणीत तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांपुढं दिवा लुकलुकवतात. पोरीला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती घाबरणार नाही.

आणि रिपोर्ट 'नॉर्मल' आला तर? तर फिट नाही असं नव्हे. वीस-तीस मिनिटांच्या पहिल्या ईईजीत, फिट असणाऱ्या जवळजवळ निम्म्या लोकांची रेघ साफ असते. तपासणीच्या वेळात मेंदू शांत होता, एवढाच त्याचा अर्थ. नॉर्मल रिपोर्ट पाहून 'नाटक करती' म्हणणारी सासू आम्ही पाहिली आहे आणि गोळ्या फेकून देणारा नवराही. फिटचं निदान होतं ते हकीकतीवरून. रेघ त्याला साथ देते.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी व्हिडिओ पाहिला, वही पाहिली, गोळ्या पुन्हा चालू केल्या आणि डोक्याचा सीटी स्कॅन करायला सांगितला. स्कॅनमध्ये एक लहान गाठ निघाली, जुनी, वाळलेली, चुन्यासारखी झालेली. फीतकृमीच्या अंड्याची. ईईजीत अशी गाठ दिसत नाही, तिच्यामुळं झालेला बिघाड फार तर दिसतो. आणि लाल डाग होता तो डोक्याच्या उजव्या बाजूला, गाठ सापडली डाव्या बाजूला.

या गाठीवर आम्हाला दोन शब्द जास्त लिहायचे आहेत. कारण आजी घरी आली आणि शेजारच्या गल्लीतून टोमणा आला, "तुमच्यात डुकराचं खात्यात म्हनून व्हतंय." हे चूक आहे, आणि शाळामास्तर बोलला तरी चूकच. अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्लं तर फीतकृमी आतड्यात होऊ शकतो, तेवढं खरं. पण मेंदूत गाठ होते ती कृमीच्या अंड्यांमुळं, आणि अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. ज्याच्या आतड्यात कृमी आहे तो उघड्यावर शौचाला बसला, हात न धुता भाकरी थापली, सांडपाणी भाजीला गेलं, की ती अंडी कुणाच्याही पोटात जातात. माळकऱ्याच्याही. आयुष्यात मांसाला शिवली नाहीत अशा माणसांच्या मेंदूत ही गाठ सापडते. फडावर शंभर कोप्यांना एक संडास नसतो, पाणी टँकरचं, बाई पहाटे उसाच्या सरीत जाते. कारखान्यानं आणि मुकादमानं संडास-पाणी दिलं नाही याचा हिशेब पोरीच्या डोक्यात निघाला. उकडून-शिजवून खा, कच्ची कोथिंबीर आणि मुळा तीन पाण्यांनी धुवा, शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबण लावा. आणि तोडीला जाताना मुकादमाला संडासाचं विचारा. उचलीबद्दल जितक्या जोरात बोलतो तितक्याच जोरात.

फिट येताना काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असावं म्हणून थोडक्यात लिहितो. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, गळ्याजवळचं सैल करा, जवळची चूल, विळा, कोयता बाजूला सारा. तोंडात काहीही घालू नका, चमचा नको, बोट नको, पाणी नको. घट्ट दाबून धरू नका. चप्पल, कांदा, किल्ली यांनी काही होत नाही, फिट आपोआप थांबायची तशी थांबते. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन. अंगात आलंय म्हणून कुणी मारझोड, चटके, धूर देत असेल तर राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसांत जाता येतं.

आजीचा शेवटचा प्रश्न लग्नाचा होता. "हिचं लगीन कोन करल?" आम्ही तिला सांगितलं की हिंदू विवाह कायद्यात, जो बौद्धांनाही लागू आहे, पूर्वी मिरगी ही लग्नाला अडचण म्हणून लिहिलेली होती. १९९९ साली संसदेनं ती काढून टाकली. मुलं होतात, दूध पाजता येतं. फक्त काही गोळ्या, विशेषतः व्हॅल्प्रोएट, पोटातल्या बाळाला बाधतात. म्हणून वयात आलेल्या मुलीनं, लग्न ठरायच्या आधी, डॉक्टरला गोळीबद्दल विचारायचं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही आणि लपवून घ्यायचीही नाही. सासरी लपवलेली गोळी पहिल्या आठवड्यातच चुकते.

गाडी ठरल्या दिवशी गेली. आई-बाप गेले, पोर आजीपाशी राहिली. हे सोपं नव्हतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, पण तिसरे हात वाढं बांधायला लागतात, आणि पोरीच्या वाट्याची मजुरी बुडाली ती उचलीतून वळती होणार. पण फडावर पहाटे तीनला उठायचं, झोप नाही, गोळ्या संपल्या तर दवाखाना कुठं ते माहीत नाही. गोळी चुकणं आणि झोप चुकणं या फिट येण्याच्या दोन मोठ्या वाटा, आणि तोडीवर दोन्ही चुकतात. ज्या घरांना फिटचं माणूस नेण्यावाचून इलाज नाही त्यांनी निघण्याआधी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून मागाव्यात, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा, आणि ट्रॅक्टरवर, विहिरीवर, चुलीपाशी त्या माणसाला एकटं सोडू नये.

रात्री आठला बापाचा फोन येतो. तो एकच विचारतो, गोळी घेतली का. पोर म्हणते घेतली. कॅलेंडरवर रोज फुली मारते, परवा आम्ही मोजल्या, चाळीस फुल्या होत्या. मधे एक चौकोन रिकामा होता. त्या दिवशी शाळेची सहल होती, म्हणाली. आम्ही म्हटलं, सहलीला जाताना गोळी रुमालात बांधून न्यायची.